अकरावी दोरी

मी एक जुनी होडी आहे, पण समुद्राचं पाणी माझ्या अंगाला कधी लागलेलं नाही. माझी लांबी अवघी दीड फूट. वसईच्या पाचूबंदरातल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा जन्म झाला. तिथेच माझं आयुष्य सरेल असं मला वाटत होतं.

मित्रांनो, माझी गोष्ट मी एका शनिवारपासून सांगते. तो आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस होता.

दुपार कलली होती. मला घडवणारे ऑगस्टीन टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग, पुढ्यात सरसाचं भांडं. हा सरस ते स्वतः करत. शिंगाळा माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. ती मंद आचेवर तासन् तास शिजवली की चिकट, पिवळसर सरस तयार होतो. तो लाकडाला असा धरतो की नखानं निघत नाही. पण त्याचा वास! मला तो आईच्या पदरासारखा वाटे. शेजाऱ्यांना वाटत नसे.

तेवढ्यात त्यांची मुलगी रोझलीन आली. ती विरारला शाळेत शिकवते आणि तिथेच राहते. अंगावर नवी रेशमी साडी होती. हातात वडिलांची औषधं आणि पाव. उंबऱ्यावरच ती थांबली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"शी! पप्पा, बाजारात डिंक मिळत नाही का?"

"डिंक कागदाला, रोझू. होडीला सरसच लागतो." ऑगस्टीन हसले. "ये ना आत. जरा धागा धरतेस? एकच दोरी राहिलीय. दोनच मिनटं."

"आज नाही. शाळेत संमेलन आहे. वेळ नाही पप्पा."

"बरं. खिळा हाय आपला."

तिनं पिशवी दाराशीच ठेवली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑगस्टीन मिस्सेला आले नाहीत, म्हणून चर्चमधला एक माणूस बघायला आला. ते झोपेतच गेले होते. टेबलावर मेण लावलेले तीन धागे तसेच पडले होते.

आता मी कशी झाले ते सांगते, म्हणजे त्या धाग्यांचं मोल तुम्हाला कळेल.

ऑगस्टीनच्या वडिलांची 'देवमाता' नावाची शिडाची होडी होती. ती जुनी होऊन मोडीत निघाली, तेव्हा ऑगस्टीन मुंबईच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढत. त्यांनी आठ दिवसांची रजा घेतली आणि मोडण्याआधी त्या होडीचं इंच न् इंच माप वहीत उतरवलं. तिची एक सागवानी फळी मागून घेतली. त्या फळीतून मी घडले. खऱ्या होडीचा एक फूट म्हणजे माझा अर्धा इंच. माझ्या बरगड्या, माझ्या फळ्या, तांदळाच्या दाण्याएवढे खिळे, काडीपेटीएवढी जाळी, सगळं त्याच मापात. नोकरीवरून आल्यावर आणि रविवारी मिस्सेनंतर ते माझ्याशी बसत. सात वर्षं लागली.

त्या सात वर्षांतली चार वर्षं रोझू त्यांच्याबरोबर होती. दोरी वळायला दोन माणसं लागतात. एकजण हातड्रिलला तीन धागे अडकवून ते फिरवतो, दुसरा समोरचं टोक ताणून धरतो. धागे आधी मेणातून ओढायचे, म्हणजे त्यांची लव बसते. मेण कुठलं, तर चर्चच्या वेदीवरच्या मेणबत्त्यांची उरलेली थोटकं. पीळ पडत जातो तशी दोरी आखडते. मग धरणाऱ्याला एकेक पाऊल पुढे यावं लागतं. ताण सुटू द्यायचा नाही आणि ओढायचंही नाही. नऊ वर्षांची रोझू दारापासून सुरुवात करायची आणि दोरी पुरी व्हायची तेव्हा बापाच्या गुडघ्याला टेकलेली असायची. माझ्या अकराही दोऱ्या अशाच झाल्या.

चर्चच्या सणाला मला मांडवात सगळ्यांना बघायला ठेवलं, तेव्हा एका म्हाताऱ्या नाखव्यानं माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "ही तर आपली देवमाताच!" असं म्हणून त्यानं डोळे पुसले. तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं असतं.

पण एके दिवशी, तेरा वर्षांची असताना, रोझू शाळेतून आली ती थेट मोरीत गेली. साबणानं तीनदा हात धुतले. मग हात नाकाशी नेले आणि पुन्हा धुतले. माझी एक दोरी झिजली होती, ती पुन्हा वळायला ऑगस्टीननी धागा पुढे केला.

"मी नाही धरणार," ती म्हणाली.

"का गो?"

ती दप्तर घेऊन आत निघून गेली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकला आणि त्याला टोक अडकवू लागले. माझ्या दोऱ्या कालांतरानं कुजल्या. त्यांनी दहा पुन्हा वळल्या, त्या खिळ्याच्या भरवशावर. त्या थोड्या खडबडीत झाल्या. "खिळा धरतो," ते मला म्हणत, "पन खिळ्याला ताण कलत नाय." अकरावी दोरी सगळ्यांत लांब, डोलकाठीच्या टोकापासून माझ्या पुढच्या टोकापर्यंत, नाळेपर्यंतची. ती त्यांना खडबडीत नको होती. म्हणून त्यांनी त्या शनिवारी मुलीला विचारलं.

असो. माणूस गेल्यावर घर आवरतात. रोझलीनचा धाकटा भाऊ केल्विन कुवेतहून आला होता. सगळं पंधरा दिवसांत उरकायचं होतं.

"हिचं काय करायचं, ताय?" त्यानं मला उचलून विचारलं. "क्लेटन मागतोय. राजोडीच्या रिसॉर्टमध्ये ठेवेल. कोलीवाड्याचा फील येतो म्हणे."

रोझलीन कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होती. तिनं मान वर केली नाही. "घेऊन जाऊ दे. वास येतो तिला."

मित्रांनो, त्यापुढचं सांगताना मला किळस येते. तरी सांगते.

क्लेटन हा केल्विनचा शाळेतला दोस्त. त्यानं पहिल्याच दिवशी मला अंगणात ठेवून सोनेरी रंगाचा फवारा मारला. माझे खिळे, माझ्या फळ्यांच्या रेषा, जाळीची वीण, सगळं एका चिकट, चमचमत्या सालीखाली गाडलं गेलं. शीड उपटून तिथे 'वेलकम' लिहिलेला पुठ्ठा खोचला. दिव्यांची माळ गुंडाळली. आणि मला जेवणाच्या टेबलावर ठेवून माझ्या पोटात कांद्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी भरल्या.

दुपारपर्यंत कांद्याला पाणी सुटे. ते माझ्या बरगड्यांमधून झिरपत तळाशी साचे आणि आंबे. लोक पोहण्याच्या तलावातून ओले येत. त्याच हातांनी लिंबू चाचपून बघत आणि परत टाकत. कुणी सुरमईचा काटा दातातून काढून माझ्या कडेला पुसे. कुणी च्युइंगम माझ्या सुकाणूला चिकटवी. एक गृहस्थ रोज दात कोरून काडी माझ्या पोटात टाकत आणि शेजारी उभं राहून बायकोला सांगत, "बघ, काय बारीक काम आहे!" एका मुलानं नाकात घातलेलं बोट माझ्या डोलकाठीला पुसलं. त्याच्या आईनं त्याच क्षणी आमचा दोघांचा फोटो काढला. माशाच्या सरसाला नाक मुरडणारी माणसं ही! तो वास प्रामाणिक होता. ही घाण होती आणि तिच्यावर सोनेरी रंग होता.

याहून वाईट म्हणजे झुरळं. दुपारची गर्दी ओसरली की ती माझ्या पोटात शिरत. कांदा त्यांना निमित्त होता. त्यांना हवा होता सरस. सांध्यासांध्यातून ती तो कुरतडत. दोन पावसाळे गेले. माझ्या डाव्या कुशीच्या तीन फळ्या सुटल्या. चौथी हलू लागली. तिथल्या पोऱ्यानं त्यांना सेलोटेप लावला. आणखी एक पावसाळा, की मी मोडणार आणि कांद्याच्या सालींबरोबर कचऱ्यात जाणार, हे मला ठाऊक होतं.

आणि त्या डिसेंबरात रोझलीनच्या शाळेतल्या एका बाईंच्या निवृत्तीचं जेवण त्याच रिसॉर्टमध्ये ठरलं.

ती ताट घेऊन रांगेत पुढे आली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मीही हाक मारू शकत नव्हते. लिंबाची फोड घ्यायला ती वाकली आणि तिथेच थांबली. पुन्हा वाकली. नाक माझ्या सुटलेल्या फळ्यांपाशी आणलं. कांदा, लिंबू, तेल, रंग या सगळ्याच्या खाली तो होता. सरसाचा वास.

तिनं ताट बाजूला ठेवलं आणि हातानं माझ्या पोटातला कांदा उपसायला सुरुवात केली. एक झुरळ तिच्या मनगटावरून पळालं. तिनं ते झटकलंही नाही.

क्लेटन धावत आला. "अरे टीचर, काय करताय? आपला सेल्फी पॉईंट आहे तो! फुल हिट!"

"ही मी नेते."

"असं कसं? तुम्हीच दिली ना? केल्विन बोलला, वास येतो म्हणून नको तुम्हाला."

"हो. मीच दिली. म्हणून मीच नेते."

"आता कांदा कशात ठेवू मी?"

"ताटात ठेव, क्लेटन," ती म्हणाली. "कांदा ताटात ठेवतात."

मागे रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. क्लेटननं खांदे उडवले आणि स्वतःच दिव्यांची माळ सोडून दिली. रोझलीननं मला आपल्या ओढणीत गुंडाळलं. तिची ओढणी कायमची खराब झाली.

विरारच्या तिच्या घरात ती रोज शाळेतून आली की माझ्याशी बसू लागली. काडीला कापूस गुंडाळून टर्पेंटाइननं सोनेरी रंग काढायचा. दिवसाला दोन बोटं जागा मोकळी होई. सागवान पुन्हा दिसायला महिना लागला. मग फळ्या चिकटवायच्या होत्या. शेल्फवर बाजारच्या डिंकाची नवी बाटली होती. ती तिनं हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती मासळीबाजारातून पिशवी घेऊन आली. फोनवर केल्विनला सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "मासेवाल्या एलिसानं अख्ख्या बाजाराला ऐकवलं रे. 'काय गो मास्तरीन, मासा सोरून आतड्यापोतड्या नेतंस? पगार नाय झाला काय?' म्हणून."

सरस शिजू लागला. तासाभरात दाराची बेल वाजली. समोरच्या घरातली उन्नती, नाकाला रुमाल.

"मॅडम, सॉरी हां, पण तुमच्याकडे काही मेलंय का? उंदीर वगैरे? सगळा मजला वासानं भरलाय."

"मेलेलं काही नाही," रोझलीन म्हणाली. मग थोडी थांबून म्हणाली, "उन्नती, दोन मिनिटं आहेत तुझ्याकडे?"

"कशाला?"

"एक टोक धरायचंय."

उन्नतीनं आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. "शी, काय वास आहे हो," असं म्हणत ती चप्पल काढून आत आली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी करत बसलेलं असेल. त्याचा पसारा होत असेल, वास येत असेल, चारचौघांत सांगायला लाज वाटत असेल. त्याच्या हातची वस्तू पुढे जपाल न जपाल. आम्ही वस्तू खूप सोसतो. पण त्यानं 'जरा धर' म्हटलं, तर धरा. खिळ्याला ताण कळत नाही.

टेबलावर वडिलांचे तेच तीन धागे होते. घर आवरताना तिनं खोक्यातल्या पुस्तकात ठेवलेले, मेणानं अजून कडक. एक टोक उन्नतीनं दारापाशी धरलं. हातड्रिल रोझलीनच्या हातात होतं.

"ओढू नकोस. सैलही सोडू नकोस. आखडेल तशी पुढे ये."

"रुमाल धरू की धागा?"

"धागा."

उन्नतीनं रुमाल खिशात कोंबला. ड्रिल फिरू लागलं. धागे एकमेकांना बिलगू लागले. उन्नती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. सोफा मागे पडला, जेवणाचं टेबल मागे पडलं. दोरी पुरी झाली तेव्हा ती रोझलीनच्या अगदी समोर होती, हातभर अंतरावर. दोरी सरळ, गोल, एकसारखी झाली होती. एकही खडबडीत जागा नव्हती.

"झाली?" उन्नतीनं विचारलं. "एवढंच?"

रोझलीननं मान हलवली. तिची नजर उन्नतीवर नव्हती. ती माझ्या डोलकाठीकडे बघत होती. भांड्यातून वाफ येत होती आणि तिनं नाकाला काही लावलं नव्हतं.

"पप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "संमेलन सहाला होतं. मी तुमच्याकडे आले तेव्हा साडेतीन वाजले होते. मला वेळ होता, पप्पा. मला तुमच्या वासाची लाज वाटत होती."