भोंग्याचं बटण

“शनिवारच्या शताब्दी समारंभाला अक्रोडाचे बारा गोड रोल तेवढे करून द्या, मिसेस हुडाक. तुमच्याशिवाय आहे कोण?” असं म्हणत अग्निशमन दलाचा प्रमुख डेल याने दलाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

व्हर्ना हुडाकने चष्मा लावून पानं उलटली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणगावात पगारी बंबवाले कधीच नव्हते. आग लागली की गावचेच पुरुष हातातलं काम टाकून धावत. त्या सगळ्यांची नावं पुस्तकात होती. बंबावर बसून मिरवणाऱ्या कुत्र्यालासुद्धा फोटोसकट अर्धं पान दिलं होतं. आणि तिच्या वाट्याला, तीही नवऱ्याच्या नावाने, एक ओळ : ‘सत्तावीस वर्षे आगीचा फोन कै. एमिल हुडाक यांच्या घरी होता.’

“घरी होता, बरोबर,” ती म्हणाली. “पण उचलत कोण होतं? एमिल? तो तर दिवसभर खाणीत, जमिनीखाली.”

“अहो, ते लोकांना कळतंच,” डेल हसला. “तुम्ही काय, घरच्याच.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तावीस वर्षं ती त्या लाल फोनला बांधलेली होती. शेजारणीला आणून बसवल्याशिवाय पाव आणायलाही बाहेर पडली नव्हती. सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला एमिल एकटाच जाऊन आला. फोन वाजला की पिठाच्या हातांनी पत्ता भिंतीवरच पेन्सिलीने लिहायचा, मग फोनशेजारचं बटण दाबून धरायचं आणि मनात दहा मोजायचे, तेव्हा कुठे माणसांना बोलावणारा बंबघरावरचा भोंगा पूर्ण आवाजात चढायचा. आधी बोट उचललं तर तो नुसता कण्हायचा.

“माझं नाव घाल,” ती म्हणाली.

“छापून झालंय हो. आता कुठे घालू?”

“कुत्र्याचं बरं घातलंस.”

डेलने टोपी उचलली. “रोल शनिवारी सकाळी लागतील,” तो दारातून म्हणाला.

शनिवारी ती समारंभाला हात हलवत गेली. तिच्या स्वयंपाकघरातून पूर्वी काढून नेलेलं बटण मंचावर एका चकचकीत फळीवर बसवलं होतं, खाली पितळी पट्टीवर एमिलचं नाव. ते दाबायचा मान नव्या बंबाला देणगी देणाऱ्या विमा एजंटाला होता. त्याने फोटोपुरतं बोट टेकवलं आणि उचललं. छपरावरचा भोंगा कण्हून गप्प झाला. त्याने पुन्हा तेच केलं. लोक हसले.

“जुनं झालंय बिचारं,” डेल माइकवर म्हणाला.

“जुनं नाही झालं. तुम्हाला दाबता येत नाही,” व्हर्ना मागच्या रांगेतून म्हणाली आणि काठी टेकत मंचावर चढली. एजंट बाजूला झाला. तिने अंगठा ठेवला.

दहा मोजून होईतो भोंगा पुरता चढला होता. पहिल्या रांगेत पदकं लावून बसलेले दलातले म्हातारे ताडकन उठले. दोघातिघांच्या हातची कॉफी सांडली, एक जण तर गुडघेदुखी विसरून दारापर्यंत पोहोचला. मग त्यांना आठवलं की आग कुठेच नाही. तरी खाली कोणी बसलं नाही. ते वळून तिच्याकडे बघत उभे राहिले.

“मिसेस हुडाक, पुरे आता,” डेल तिच्या कानाशी ओरडला.

तिने अंगठा उचलला नाही.