देवाच्या वाट्याचे तांदूळ

बालमित्रांनो व सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत ठिकाणी मी माझी जीवनकथा यथामती निवेदन करणार आहे. ती शांत चित्ताने श्रवण करावी.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. १९५२ साली मल्लेश्वरमच्या वसुमतीबाईंनी मला बेंगळूरच्या बाजारातून आणले. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत अशी रीत होती, की भाताचे आधण ठेवताना गृहिणीने एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढावेत. ती मूठ माझ्यात पडे. दर रविवारी मी चर्चमध्ये रिकामा होई व ते तांदूळ गरिबांघरी जात. हलके होऊन घरी परतण्याचे सुख काय वर्णावे!

परंतु १९६५ साली घरधनी पद्माकरराव मंडळीचे पंच झाले. कारखान्यात फोरमनची जागा मिळावी, अशी त्यांची प्रार्थना चालू होती. ते म्हणाले, "मूठमूठ काय द्यायचं? कापणीच्या सणाला काठोकाठ डबा वेदीवर ठेवू. देव शंभरपट परत करतो."

झाले! माझे रविवारचे जाणे बंद पडले. चार महिने नुसते आत येणे. बाहेर दाणा जाईना. मित्रांनो, माझा जीव कोंडला.

त्यातच बाजारात तांदूळ मिळेनासा झाला. घरात भाताऐवजी नाचणीच्या उकडीचे गोळे, म्हणजे मुद्दे, शिजू लागले. तांदूळ उरले ते माझ्यातच. सणाच्या आठवड्यात शेजारचा मल्लाप्पा सुतार ताटली घेऊन दारात आला.

"अक्का, स्वल्प तांदूळ द्या. कमला बाळंत होऊन पाच दिवस झाले, नुसत्या नाचणीच्या अंबलीवर आहे."

वसुमतीबाईंनी माझ्या झाकणाला हात घातला.

"अगं, देवाचं आहे ते!" पद्माकरराव ओरडले.

"देवाला भूक लागलीय का?"

"जीभ आवर! मल्लाप्पा, रविवारनंतर ये."

"सरी, अण्णा," म्हणत मान डोलावून तो रिकाम्या ताटलीनिशी गेला. मी आतल्या आत किती धुमसलो! परंतु डब्याला वाचा कुठली?

रविवारी पाळकसाहेबांनी झाकण उघडले, तो शुभ्र वेदीवस्त्रावर पोरकिड्यांची मिरवणूक निघाली. कोणी खोकले, कोणी हसले. वसुमतीबाईंनी भर उपासनेत मला काखेत मारले व थेट मल्लाप्पाचे घर गाठले.

"किडे लागलेत गं, कमला."

"पाखडले की जातात, अक्का. बसा तर खरं!"

दोघी पाखडीत बसल्या. भात रटरटू लागला. परतताना वसुमतीबाई गुणगुणत होत्या.

आणि मंडळीने बोध कोणता घेतला? "पुढच्या वर्षी डब्यांत कडुलिंबाचा पाला घालू!" मी कपाळावर हात मारला असता, परंतु मला हात नाहीत.

फोरमनची जागा दुसऱ्यास मिळाली. पद्माकरराव महिनाभर चरफडत होते, "एवढं दिलं, त्याचं हे फळ?"

"दिलं कुठं? साठवलं," वसुमतीबाई म्हणाल्या. "मी दिलं, मला त्याच दिवशी मिळालं."

हे पद्माकररावांच्या ध्यानी येण्यास दोन वर्षे लागली. मित्रांनो, देवाच्या नावाने भरून ठेवलेला डबा आपल्या घरी असल्यास कृपा करून आजच उघडा. सणाची वाट पाहू नका. बाळंतीण वाट पाहू शकत नाही.

येथवर लक्ष दिल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. या डब्याचे म्हणणे उशिरा ऐकून लिहून काढणारा त्याचा धनी,

पद्माकर साळवे