परक्या सेलांची सूरपेटी

मित्रांनो, भाता हलवला की एकच सूर धरून राहणारी लाकडी सूरपेटी तुम्ही पाहिली असेल. मीही सूरपेटीच, पण मला भाता नाही. मी बॅटरीवर वाजते. पुढे दोन गोल बटणं, एक आवाज लहानमोठा करायचं आणि दुसरं सूर वरखाली करायचं. पाठीला पत्र्याचं झाकण आणि झाकणाआड बॅटरीची जागा. आता मी जुनी झाले आहे. माझा काळा रंग कडांना उडाला आहे, पण अजून वाजते. कशी वाजत राहिले, ते सांगते.

माझा जन्म हैदराबादचा. एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात दोन भाऊ माझ्यासारख्या पेट्या बनवत. तारा जोडून झाल्या की धाकटा भाऊ पेटी कानाशी धरून डोळे मिटायचा, आणि सूर मनासारखा लागला तरच पेटी खोक्यात जायची. माझ्यासाठी त्यांनी एक खास चौकोनी बॅटरी केली होती. ती माझ्या पाठीत अशी चपखल बसे की मला हलवलं तरी आत काही वाजत नसे. मला वाटायचं, माझ्या पोटाला हीच बॅटरी मानवते, दुसरी कुठली चालायची नाही.

पंचाहत्तर सालच्या सुमारास परभणीजवळच्या ताडकळसच्या शाळेतले सूर्यभान गुरुजी मला घेऊन आले. गुरुजी मुलांना शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या गायन पार्टीबरोबर गावोगाव जयंतीच्या, बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमांना जात. गाणी ते स्वतः लिहायचे. पहिल्यांदाच पाटी घेऊन शाळेला निघालेल्या मुलीचं त्यांचं एक गाणं होतं. ते झाल्याशिवाय लोक त्यांना मंचावरून उतरू देत नसत. पार्टीतला हार्मोनियमवाला कामासाठी नाशिकला निघून गेला, तेव्हा गाणाऱ्याला सूर कोण देणार असा प्रश्न पडला, आणि म्हणून मी आले. गुरुजींनी पहिल्याच दिवशी माझं बटण फिरवून आपल्या आवाजाला सोसेल तिथे आणून ठेवलं. गाणारे याला आपली पट्टी म्हणतात. त्या दिवसापासून मी गुरुजींच्या पट्टीत वाजू लागले.

ते दिवस सुखाचे होते. पार्टीत ढोलकीला किशनराव होते. शेतमजुरी करणारे, मोठ्या हाडापेराचे आणि बोलायला सडेतोड. एसटीत, आगगाडीत ते ढोलकी मांडीवर घेत आणि गुरुजी मला. गुरुजींनी सूर लावला की माझा सूर कुठे संपतो आणि त्यांचा कुठे सुरू होतो ते मलाही कळत नसे. लोक पेटीकडे बोट दाखवून विचारत, ह्या डब्यात कोण बसलंय. गुरुजी हसून झाकण उघडून दाखवत.

मग गुरुजींचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं, थंडीनं घसा धरला असेल. काढे झाले, वाफ झाली, आवाज काही सुटेना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं आणि ऑपरेशन केलं. गुरुजी वाचले, पण आवाज गेला. पुढे ते बोलत ते कुजबुजल्यासारखं. त्यांना वर्गावरून काढून पंचायत समितीच्या कचेरीत टेबलाचं काम देण्यात आलं. घरी आले की ते मला समोर ठेवून चालू करत आणि नुसतं ऐकत बसत. गुरुजींच्या पत्नी सगुणाबाई चुलीपाशी असत. त्या दिवसांत माझी चौकोनी बॅटरी हळूहळू थकत गेली आणि एके दिवशी संपली.

गुरुजींनी हैदराबादला विचारणा केली. कळलं की भावाभावांचं पटलं नाही, कारखाना बंद झाला. ती बॅटरी आता कुठेच मिळणार नव्हती. मी ट्रंकेत गेले. माझ्या मापाचं जगात काही उरलं नाही असंच मला वाटलं.

ट्रंकेतून मला काढलं ते सगुणाबाईंनी. झालं असं की किशनराव एकदा घरी आले आणि सरळच म्हणाले, पार्टी मोडलीच असेल तर तसं सांगा, मी ढोलकी कुणाला तरी देऊन टाकतो. गुरुजी मान खाली घालून बसले. तेव्हा सगुणाबाई आतून बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "गाणी तर मला समदी पाठ हायेत. मी म्हनून बघू का?"

गुरुजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच पाहत होते. इतकी वर्षं त्या भाकरी थापताना त्यांची गाणी मनातल्या मनात म्हणत आल्या होत्या, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पण सूर कसा धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. सूर दाखवायला गुरुजींचा गळा उरला नव्हता. राहिले मी, तीही बिनबॅटरीची.

गुरुजी मला परभणीला माणिकराव मेकॅनिककडे घेऊन गेले. स्टेशनाजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणिकरावांनी मला उघडलं, खूप वेळ न्याहाळलं, जुनी बॅटरी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग म्हणाले की टॉर्चचे चार मोठे सेल एकामागे एक जोडले तर एवढाच जोर मिळेल. गुरुजींनी शंका काढली की दुसऱ्या कंपनीचे सेल हिला बाधणार तर नाहीत?

"दुसऱ्याचे हायेत म्हनून काय बिघडत न्हाई, गुरुजी," माणिकराव म्हणाले. "जोर तेवढाच पायजे, आन् टोकं सुलटी बसायला पायजेत. फकस्त चारी सेल एका जातीचे घ्या, एकदमच बदला. नवे-जुने एकत्र घालू नका. आन् वाजवायचं नसलं की काढून ठेवा."

त्यांनी माझ्या पाठीत लाकडी खाचा आणि स्प्रिंगा बसवल्या, चार सेल घातले, आणि मी वाजले. मित्रांनो, मला वाटलं होतं परक्या अन्नावर माझा सूर बदलेल. तसं काही झालं नाही. तोच सूर, तशीच गोडी. गुरुजी दुकानातच डोळे मिटून उभे राहिले.

मग शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी घरचं आवरलं की मला मध्ये ठेवून दोघं बसत. गुरुजी तळहात वर नेत, खाली आणत, आणि सगुणाबाई त्या हाताबरोबर आवाज नेत. चुकलं की गुरुजी माझ्याकडे बोट दाखवत. म्हणजे हिच्यासारखा लाव. त्या माझ्यावर एखाद्या थोरल्या बहिणीसारखा विश्वास टाकत. मी जिथे असेन तिथे त्या यायच्या. फक्त खालच्या ओळी गाताना त्यांचा आवाज घशात अडकल्यासारखा होई आणि त्या कष्टी होत. किशनराव म्हणायचे, "वयनी, सवयीनं हुईल."

सेलूहून बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. दरवर्षी गुरुजी तिथे गात असत. आता त्यांच्या जागी बायको गाणार, हे ऐकून लोकांत कुजबुज होती. सगुणाबाई चार माणसांत कधी गायल्या नव्हत्या. हा कार्यक्रम जमला तर पार्टी राहणार होती, फसला तर तिथेच मोडणार होती. हे तिघांनाही ठाऊक होतं, पण कुणी तोंडानं म्हटलं नाही.

वैशाखातलं ऊन होतं. सेलूला उतरून मंडपाकडे गेलो, तिथे मला वाजवून पाहिलं तर आवाज मलूल. तपासलं तर दोन सेल मंदावले होते. वाण्याच्या दुकानाला दुपारची कडी लागलेली. किशनराव धावत गेले आणि स्टेशनाबाहेर पथारी मांडून बसलेल्या एकाकडून दोन सेल घेऊन आले. चकचकीत लाल कागदाचे, त्यावर वाघाचं चित्र. चारी सेल एकदम बदलायचे असतात हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे; गुरुजींच्याही ते ध्यानात आलं नाही. घाई होती, ऊन होतं, आणि त्यांना मदतच करायची होती. दोन जुने, दोन नवे असे सेल माझ्या पाठीत गेले. मी ठणठणीत वाजले. सगळ्यांना बरं वाटलं.

दिवस कलला, मंडप भरला. वंदना झाली. सगुणाबाई पांढऱ्या लुगड्यात मंचावर बसल्या. गुरुजी बाजूला, मी मध्ये. पहिलं गाणं नीट झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या थोड्या हातचं राखून. मग पाटीचं गाणं सुरू झालं.

आणि माझ्या पोटातलं बळ ओसरायला लागलं. लाल कागदाचे ते सेल वरूनच चांगले होते. राहिलेले दोन जुनेही संपत आलेले. माझा सूर खाली घसरू लागला. इतका हळू की ऐकणाऱ्याला आधी कळू नये. सगुणाबाईंना तर अजिबात कळलं नाही. त्या माझ्यावर विसंबून होत्या. मी खाली गेले, त्याही खाली आल्या. मी आणखी खाली, त्या आणखी खाली. आवाज त्यांच्या घशात रुतायला लागला. किशनरावांची ढोलकी वरच राहिली आणि दोन्ही जुळेनात. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. पुढच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, माझ्या मागे येऊ नका. पण मला एकच सूर येतो आणि तोच बिघडला होता.

तेव्हा गुरुजींनी हात पुढे केला आणि मला बंद केलं.

सगुणाबाईंनी घाबरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. गुरुजी पुढे वाकले आणि त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "हिला सोड. माझी पट्टी सोड. तुझ्या गळ्याला जिथं बरं वाटतं तिथनं उचल."

सगुणाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी पाटीच्या गाण्याची पहिली ओळ उचलली, गुरुजी गात त्याच्या कितीतरी वर. इतक्या वर मी कधी वाजलेच नव्हते. आवाज सुटला आणि मंडपाच्या कनातीबाहेर उभ्या माणसांपर्यंत गेला. त्यांच्या घशाला आता काही अडत नव्हतं. इतके महिने त्या नवऱ्याच्या पट्टीत आपला आवाज दाबून बसवत होत्या, आणि हे ना गुरुजींच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. किशनरावांनी पटकन ढोलकीची दोरी ताणून घेतली आणि थाप दिली. गाणं संपलं तेव्हा लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

कार्यक्रमानंतर किशनराव सेल हातात घेऊन खाली मान घालून उभे होते. गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. राग कुणीच धरला नाही.

मात्र त्या गडबडीत तेच चार सेल पुन्हा माझ्या पाठीत घालून झाकण लावलं गेलं. सगुणाबाईंना आता माझी गरज उरली नव्हती. मी फळीवर गेले. पावसाळा आला, हवा दमट झाली, आणि लाल कागदाचे ते सेल आतल्या आत पाझरू लागले. पांढरट, चिकट पाणी स्प्रिंगांवर उतरलं, लाकडात शिरलं, एक तार खाऊन गेलं. बाहेरून मी जशीच्या तशी दिसत होते.

एका सकाळी गुरुजींनी मला खाली काढलं आणि बटण फिरवलं. काही वाजलं नाही. झाकण निघता निघेना. शेवटी ते निघालं तेव्हा आतली स्थिती त्यांनी सगुणाबाईंना दाखवली.

दोघं मला माणिकरावांकडे घेऊन गेले. माणिकरावांनी सारं पाहिलं आणि म्हणाले की स्प्रिंगा बदलाव्या लागतील, तार नवी टाकावी लागेल, आणि एवढं करून किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. मग त्यांनी सगुणाबाईंना विचारलं, "वयनी, तुमी तर आता हिच्याबिगर गायलात. कशाला पायजे ही?"

गुरुजींनी मला उचलून पिशवीत ठेवायला सुरुवात केली होती. सगुणाबाईंनी पिशवीवर हात ठेवला.

"मला नगं," त्या म्हणाल्या. "ह्यांना पायजे. मी चुलीपाशी गुतले की घरात ह्यांच्यासंगं कोन गातंय? ही गाती."

माणिकरावांनी दिवा जवळ ओढला आणि काम सुरू केलं. चुन्यासारखा साचलेला थर खरवडून काढला, नव्या स्प्रिंगा घातल्या, तार जोडली. आधीच्या जातीचे सेल त्या आठवड्यात बाजारात नव्हते. त्यांनी दुसऱ्याच कंपनीचे घेतले, पण चारी सारखे आणि चारी नवे. मी पुन्हा वाजले.

तेव्हापासून मी सकाळी गुरुजींसाठी वाजते. ते माझ्यासमोर बसतात, ओठ हलवतात, बाहेर फक्त श्वास येतो, पण मला त्यांचं गाणं कळतं. वाजवून झालं की सगुणाबाई झाकण उघडतात, सेल काढतात, कोरड्या फडक्यानं टोकं पुसतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही सेलवर चालणारं एखादं वाद्य, एखादा रेडिओ असेल. त्याची मूळची बॅटरी मिळेनाशी झाली म्हणून त्याला अडगळीत टाकू नका. दुसऱ्याची बॅटरी घालायला हरकत नाही, मात्र ती नीट पारखून घ्या. नव्यात जुनी मिसळू नका. आणि बरेच दिवस कुणी हात लावला नसेल तर आज एकदा त्याच्या पाठीचं झाकण उघडून बघा. आमच्या आत काय पाझरतंय ते आम्हाला सांगता येत नाही.