उघाडीची साक्ष

मी एक जुनी उघाडी आहे, मित्रांनो. उघाडी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. घाटावरच्या माणसांना आमची कधी गरजच पडत नाही. पण रेवदंड्याच्या खाडीकाठी ज्यांची भातशेती आहे, त्यांना विचारा. तिथे समुद्र दिवसातून दोनदा शेतात शिरायला बघतो. त्याला अडवायला मातीचा लांबलचक बांध असतो आणि त्या बांधात एके ठिकाणी दगडी तोंड ठेवून त्यावर लाकडी दार टांगलेलं असतं. भरती आली की बाहेरचं पाणी त्या दाराला ढकलून मिटवतं, त्यामुळे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पाणी आतून रेटा देतं, दार उघडतं आणि पाणी खाडीला जाऊन मिळतं. ते दार म्हणजे मी. सोळा वर्षं मी हे काम केलं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रेवदंड्याच्या अलीमियाँनी मला घडवलं. अलीमियाँ होड्या बांधणारे सुतार. एक जुनं गलबत मोडीत निघालं होतं, त्याच्या सागवानी फळ्या त्यांनी माझ्यासाठी आणल्या. दारं करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी मला होडीसारखंच केलं. फटींत कापूस ठोकून बसवला आणि वरून माशाचं तेल पाजलं. त्या तेलाचा वास माझ्या अंगाला कायमचा चिकटला. गावातली पोरं नाक दाबून माझ्याजवळून पळायची. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर वास होताच.

मी आपणहून मिटत-उघडत असले, तरी माझ्या तोंडाशी कोणीतरी असावं लागे. वाहून आलेली फांदी, गवताचा भारा, एखादा ओंडका मध्ये अडकला की मला मिटता येत नसे. म्हणून गावानं पाळी लावली होती. एकेका घरानं आठ-आठ दिवस मला सांभाळायचं. बहुतेक जण यायचे, काठीनं ढोसून बघायचे आणि विडी ओढून निघून जायचे. अंबाजी मात्र बसायचा. मी पाच-सहा वर्षांची असताना तो मला म्हणायचा, "काय म्हातारे, आज किती पानी प्यालीस?" त्याच्या खांद्यावर त्याची लेक राही असायची.

बापलेकीचा एक खेळ होता. ओहोटी लागली की राहीनं गप्प बसून बघत राहायचं. पाणी उतरून चिखल उघडा पडला की अंबाजी म्हणायचा, "आता डोलं मिट. काय दिसतंय?" राही डोळे मिटून सांगायची. आधी ती जे पाहिलं तेच सांगे: बगळा, खेकडा, पलीकडच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी. मग हळूहळू ती न पाहिलेलंही सांगू लागली. खाडीच्या तळाशी एक गाव आहे, तिथे मासे हीच पाखरं, तिथे भरती म्हणजे दिवस आणि ओहोटी म्हणजे रात्र. अंबाजी एवढंच विचारायचा, "तिथं भात पिकतो का?" राही विचार करून म्हणायची, "पिकतो. पन खारट." दोघं खूप हसायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग १९५३ सालचा श्रावण आला. अमावस्येचं उधाण, त्यात सकाळपासून वारा-पाऊस. भर दुपारी एक ओंडका वाहत आला आणि माझ्या तोंडात आडवा बसला. मला मिटता येईना. खारं पाणी घोंघावत आत निघालं. आणखी तासभर तसंच राहतं, तर गावाचं भात गेलं असतं आणि पुढची दोन वर्षं त्या जमिनीत गवतही उगवलं नसतं. अंबाजी एकटाच होता. त्यानं बांधावरच्या खुंटाला दोरी बांधली, ती हाताला गुंडाळली आणि तो बाहेरच्या बाजूनं पाण्यात उतरला. त्यानं ओंडका हलवला, फिरवला, ओढून काढला. ओंडका निघताक्षणी मी मिटले. मिटणं हेच माझं काम होतं. अंबाजी बाहेर राहिला.

त्याच वेळी बांधावरून इरलं पांघरून राही येत होती. तिच्या हातात बापाची भाकरी होती. ती ओरडली, "बा!" अंबाजीचं तोंड तिच्याकडे वळलं, आणि मग तो दिसेनासा झाला.

तो सापडला नाही. रेवदंड्याच्या कोळ्यांनी चार दिवस खाडी पालथी घातली, पण सापडला नाही. गावाचं भात मात्र वाचलं. नारळी पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती, तरी लोकांनी मला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तोवर अंबाजीशिवाय कोणी माझी दखल घेतली नव्हती. तो हार मला नको होता, मित्रांनो, पण काढून टाकायला मला हात नव्हते.

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली. ओहोटी लागून मी उघडायला लागले की माझ्यातून आवाज निघे, लांबलेला, कण्हल्यासारखा. माझी एक बिजागरी त्या दिवसाच्या तडाख्यानं वाकली होती, हे खरं. पण गावात लोक बोलू लागले की अंबाजी हाका मारतो. पाळीचे लोक दिवसाढवळ्याही माझ्याजवळ थांबेनात. मी खोटं बोलणार नाही. एक-दोनदा मलाही वाटलं, की माझ्या फळ्यांतून गेलेला तो आवाज माझा नव्हता.

राही मात्र यायची. घरात तिचं बोलणं बंद झालं होतं, शाळेत मास्तरांनी विचारलं तरी ती मान खाली घालून उभी राहायची. घरात बापाचा विषय कोणी काढायचा नाही असं आपोआप ठरून गेलं होतं. तिच्या आईनं, आवडाबाईनं, नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडे बायका घेतच नाहीत. आता "ह्ये" म्हणायचंही तिनं सोडलं. आणि इकडे ओहोटी लागली की राही माझ्या दगडी काठावर येऊन बसे आणि तासतासभर पाण्याशी बोलत राही. वासरू उभं राहिलं, पावकी पाठ झाली, पलीकडच्या होडीला निळा रंग दिला. तळच्या गावात आता बापाला उघाडीवर कायमची नोकरी होती, त्याला तिथे पाळी नव्हती. ती एखादा प्रश्न विचारी, थांबे आणि मग मान हलवी. तिला उत्तर कोण देत होतं, मला ठाऊक नाही.

पोर पाण्याशी बोलते, ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? बापानं पोरीला धरलंय, असं ठरलं. तिच्या काकानं, म्हणजे अंबाजीच्या धाकट्या भावानं, भागोजीनं, भगत गाठला. भगतानं उपाय सांगितला: पोरीच्या पायाला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, म्हणजे ती पुन्हा तिकडे फिरकणार नाही. सोमवार ठरला. हे मी पाळीवर आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या फळ्या आक्रसल्या. डाग पायाला बसला असता, पण तळचं ते गाव कायमचं बुडालं असतं.

रविवारी अलीमियाँ माझी बिजागरी बसवायला आले. कार्तिक होता. कापणी तोंडावर आल्यामुळे शेतातलं पाणी काढायची घाई होती. ते हातोडी घेऊन माझ्यापाशी बसले, एवढ्यात राही आली आणि त्यांना पाहून थबकली.

"बस ना बाय," ते मान वर न करता म्हणाले. "तुझं तू बोल. मी माझ्या कामात हाय."

राही हलेना. तेव्हा ते म्हणाले, "माझी बायको अल्लाला प्यारी झाली ना, तवा सहा महिने मी होडीच्या फळ्यांशी बोलत व्हतो. मानसं हसली. फळ्या न्हाय हसल्या."

राही बसली. पण ती बोलायला लागायच्या आधीच बांधावरून आवडाबाई आणि भागोजी आले. भागोजीनं पोरीचा दंड धरला.

"चल घरी. वैनी, हिला आता उद्यापातुर कोंडूनच ठेवाया पायजे."

"भागोजी," अलीमियाँ म्हणाले, "ओहोटी लागलीय. ती सरंपर्यंत बसा, मग न्या."

"अलीचाचा, तुमी मधी पडू नका. पोर बिघडलीय. पान्याशी बोलते."

"मग काय बोलते, ते ऐकलंय का कुनी?"

आवडाबाईनं दिराचा हात पोरीच्या दंडावरून सोडवला आणि ती खाली बसली. माझ्याकडे पाठ करून बसली, कारण श्रावणापासून तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मग आतल्या पाण्यानं मला रेटा दिला, मी उघडले आणि तो लांबलेला आवाज माझ्यातून निघाला. भागोजी दोन पावलं मागे सरला. राही पाण्याकडे बघत होती.

"बा," ती म्हणाली, "मी हाक मारली म्हनून तू वळलास. तू वळलास नि दोरी सुटली. मी कुनाला सांगितलं न्हाय. आयेला बी न्हाय. तू सांगितलंस का कुनाला?"

एवढंच. रोज ती वासराचं नि पावकीचं सांगायची, त्या सगळ्याच्या खाली हे होतं. आठ वर्षांच्या पोरीनं दोन-अडीच महिने ते एकटीनं पोटात ठेवलं होतं आणि आम्ही तिला झपाटलेली म्हणत होतो.

आवडाबाई वळली. माझ्याकडे, पाण्याकडे, लेकीकडे. "तुजी हाक न्हाय ग," ती म्हणाली. "त्या दिवशी पाळी आपली नव्हतीच. तुज्या काकाची व्हती, त्यांना हिवताप आला व्हता. तुजा बा बोलला, दुसऱ्या कुनाला सांगू. मीच बोलले, जा, घरच्याच मानसानं जावं." मग ती खाडीकडे तोंड करून म्हणाली, "अंबाजी, मीच धाडलं तुला."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, मग पुन्हा एकदा घेतलं. राहीनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

भागोजी अजून उभाच होता. त्यानं डोक्याचा पटका काढला आणि तो हातात चुरगाळत राहिला. "दुपारी घाम येऊन माजा ताप उतरला व्हता, वैनी," तो शेवटी म्हणाला. "मी उठून येऊ शकलो असतो. नाय उठलो."

मग तोही खाली बसला. ओहोटी सरेपर्यंत चौघं तिथेच बसून होती. सोमवारी भगताकडे कोणी गेलं नाही. भागोजीनं त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पण माझ्याजवळून तो पुढे कधी एकटा गेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. आवडाबाई अधूनमधून लेकीबरोबर येऊन बसू लागली. तळच्या गावात अंबाजीला जेवायला कोण वाढतं, यावर दोघींचं एकदा चांगलंच भांडण झालं. मला फार बरं वाटलं.

त्रेसष्ट साली सरकारनं बांधाला सिमेंटचं तोंड आणि लोखंडी दार बसवलं. ते चांगलं काम करतं, कुरकुरत नाही. मला उचलून बांधावर आडवं टाकलं. गुरं अंग घासतात, वाळवीनं एक कड खाल्ली आहे. राही आता गावच्या शाळेत शिकवते. शनिवारी शाळा लवकर सुटली आणि ओहोटीची वेळ जमली की ती पोरांना घेऊन येते, माझ्यावर ओळीनं बसवते आणि सांगते, "चिखल उघडा पडंपर्यंत गप बसायचं. मग डोळे मिटायचे. काय दिसलं ते मना सांगायलाच पायजे असं न्हाय." पोरं चुळबुळ करतात, एकमेकांना चिमटे काढतात. मग हळूहळू गप्प होतात. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांआड काय चाललंय ते मला दिसत नाही, पण त्यांची अंगं माझ्यावर सैल पडतात, तेवढं मला कळतं.

मित्रांनो, तुमच्याही आत असं काही असेल. एखादं गाव, एखादं माणूस, कोणाला न सांगितलेली एखादी गोष्ट. त्याची लाज वाटून घेऊ नका आणि त्याला कायमचं कोंडूनही ठेवू नका. रोज थोडा वेळ गप्प बसून त्याच्याकडे बघा. आणि तुमच्याजवळचं कोणी एकटंच पुटपुटत बसलेलं दिसलं, तर त्याला हसू नका, ओढून नेऊ नका. शेजारी बसा.

माझी आणखी एक विनंती आहे, आणि ती तुमच्याशिवाय मी कोणाला करणार? पोरं घरी गेली की राही मागे थांबते. बावीस वर्षांची झाली, तरी पाण्याकडे बघून अजून विचारते, "बा, माजी हाक आयकली व्हतीस का रं?" आईनं समजूत घातली होती, पण आईला ठाऊक नव्हतं, त्या वेळी माझ्या तोंडाशी दुसरं कोणीच नव्हतं. मी होते. ओंडका सुटला तो अंबाजीच्या छातीवर आदळला, दोरी तेव्हाच त्याच्या हातातून गेली होती. राही त्यानंतर ओरडली. त्याचं तोंड तिच्याकडे वळलं, ते पाण्यानं वळवलं. राहीला ऐकू जाईल अशी वाचा मला नाही, आणि माझा तो आवाजही आता राहिला नाही. तुमच्यापैकी कोणी कधी रेवदंड्याच्या बाजूला गेलात, तर बांधावर बसलेल्या त्या बाईंना शोधा आणि एवढं सांगा, की तुमच्या हाकेनं काही झालं नाही, उघाडीनं पाहिलं आहे.