सुलतानची आई

इब्राहिमचा निफाडला द्राक्षमळा होता. तांबूस अंगाचा कुत्रा सुलतान राखणीला आल्यापासून मळ्यात कोल्हा फिरकत नव्हता. आजूबाजूचे बागायतदार सुलतानचं पिल्लू मागू लागले, तेव्हा इब्राहिमने ठरवलं, आपणच कुत्र्यांची पैदास सुरू करायची. १९३४च्या हिवाळ्यात तो सुलतानला घेऊन पेठच्या डोंगरात लंकाबाईकडे गेला. तिची कुत्री बिबट्यापुढेही मागे सरत नाहीत, असं लोक सांगत.

लंकाबाईने सुलतानचे पाय चाचपले, दात पाहिले.

"देखणा हाय. याची आई कशी हाय?"

"माहीत नाही, मावशी. मनमाडहून पिल्लू आणलं होतं."

"मग आधी तिला बघून ये. आईबापाचं चांगलं उतरतं, तसं वाईटबी उतरतं. त्याबिगर माझ्या काळी कुत्रीला हा लावायचा नाय."

इब्राहिमला राग आला, पण तो सुलतानला घेऊन मनमाडला गेला. रेल्वेत कामाला असलेल्या कादरच्या अंगणात सुलतानची आई बसली होती. चाहूल लागताच ती उठली आणि समोरच्या घमेल्याला धडकली.

"तीन वर्षांची झाली नि नजर गेली," कादर म्हणाला. "हिचा भाऊही तसाच आंधळा झाला."

सुलतान तेव्हा अडीच वर्षांचा होता. परतताना इब्राहिमने वाटेत त्याचे डोळे पुन्हापुन्हा पाहिले. आई धडधाकट आहे असं सांगितलं असतं, तर कोण तपासायला जाणार होतं? त्या विचाराने त्याला दोन महिने पेठची वाट धरवली नाही. शेवटी गेला आणि सारं सांगून टाकलं.

"सुलतानची पिल्लं नकोत, मावशी."

तोवर लंकाबाईने काळीला दुसरा कुत्रा लावला होता. "बस," ती म्हणाली. "आज काळी विणार हाय."

गोठ्याच्या कोपऱ्यात काळी पेंढ्यावर आडवी झाली होती. दुपार कलताना पहिलं पिल्लू आलं, पातळ पिशवीत गुंडाळलेलं. काळीने पिशवी दातांनी अलगद फाडली. बिबट्याशी झुंजलेले दात, पण पिल्लाला ओरखडा नाही. शेवटचं पिल्लू निपचित होतं. इब्राहिमचा हात पुढे गेला.

"थांब. तिचं तिला करू दे."

काळी चाटत राहिली, नाकाने ढोसत राहिली. ते इवलं अंग थरथरलं, तोंड उघडलं, आणि डोळे मिटलेलेच असताना पिल्लू दुधाकडे सरकू लागलं. त्याला वाट कोणी दाखवली? इब्राहिमने नकळत डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ती शेवटची मादी तुझी," लंकाबाई म्हणाली. "आईपासून सुटली की ये."

पुढच्या वर्षी सुलतानची नजर गेली. इब्राहिमने त्याला अखेरपर्यंत सांभाळलं. पेठहून आणलेली चांदणी पुरती वाढेपर्यंत त्याने वाट पाहिली, आणि तिच्यासाठी कुत्रा निवडताना त्याचं सगळं गणगोत बघून आला. चांदणी व्यायली त्या दिवशी तो सकाळपासून तिच्याजवळ बसून होता. बायको जुलेखाने दारातून विचारलं, "किती झाली?"

मोजायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.