साहित्याच्या यादीतला कूलर

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो, आणि भंगार मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या पाठीवर कुणीतरी खडूने तसं लिहून ठेवलंय.

माझा जन्म अकोल्याचा. जाड पत्रा ठोकून मला घडवलं, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या. इथल्याच एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात मी चौदा उन्हाळे राबलो. पोरं माझ्यापुढे कॉलर सैल करून उभी राहायची आणि "वा!" म्हणायची. मग एसी आला आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्या टाकीत चक्क झाडू ठेवले! राग येणार नाही का?

यंदा मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला आणि एसीने मान टाकली. मला हसूच आलं. पण आत एमएस्सीची विद्यार्थिनी प्रणाली रडकुंडीला आली होती. ती भातकुली गावची, शेतकऱ्याची लेक. प्रचंड वेगाने कण एकमेकांवर आदळले की उडालेल्या तुकड्यांच्या वाटा नुसत्या ठिपक्यांच्या रूपात उरतात. कोणता ठिपका कोणत्या वाटेवरचा, हे क्वांटम संगणकाकडून शोधून घ्यायचं, हा तिचा प्रकल्प. तो संगणक परदेशात, भयंकर थंडीत ठेवलेला. त्यावर तिला एकच तास मिळाला होता, त्याच दुपारी चारचा. त्याआधी तिचा प्रोग्राम विभागाच्या संगणकावर तपासायचा होता, आणि तो मेला संगणक तापून दर दहा मिनिटांनी बंद पडत होता.

"पुढच्या वर्षी बघू," विभागप्रमुख गोपाळकृष्ण सर म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी इथं कुठं असन, सर?" प्रणालीचा आवाज चिरकला.

तेव्हा शिपाई नत्थुजी दारातून बोलले, "जिन्याखालचा कूलर काहून नाही लावत?"

"ओलीने संगणक बिघडेल," सर म्हणाले.

"खिडकीच्या बाहेरून लावतो न. समोरची खिडकी उघडी ठेवली की ओल थांबत नाही. इतके उन्हाळे मी तेच करून राहिलो."

झाडू निघाले. माझ्या ताट्या वाळून कडक झाल्या होत्या, पंखा कुरकुरत होता. नत्थुजी बादलीमागून बादली ओतत राहिले आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावला. संगणक एकदाही बंद पडला नाही. पावणेचारला तपासणी संपली आणि चारच्या ठोक्याला प्रणालीने प्रोग्राम धाडला.

उत्तर आलं. चार वाटांपैकी तीन बरोबर, एक चूक. एवढ्या थंडीत बसूनही! प्रणाली मात्र खूश होती. ती एक चूक का झाली, तेच तर तिला शोधायचं होतं.

अहवालात साहित्याच्या यादीत तिने लिहिलं: क्वांटम संगणक, एक. विभागाचा संगणक, एक. कूलर, एक.

"कूलर काढ," सर म्हणाले. "लोक हसतील."

"हसू द्या न, सर. जे वापरलं ते साहित्यात लिहायचं, हे तुमीच शिकवलं आमाले."

सरांनी पान पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

एसी आता दुरुस्त झालाय आणि मी पुन्हा जिन्याखाली आहे. मित्रांनो, माझ्या ताट्या वर्षाला बदलत जा, टाकीत झाडू ठेवू नका. आणि भंगारवाला आलाच, तर आधी त्याला तो अहवाल दाखवा. म्हणावं, यादीत कूलर आहे, खाली सरांची सही आहे. आता उचलून दाखव!