बेकरीच्या भिंतीची धग

तिसरी मोटर परत आली ती शैलेंद्रच्याच गाडीतून. त्याने ती शेडच्या उंबऱ्यावर ठेवली आणि हात रुमालाला पुसले. जळलेल्या वार्निशचा वास अंगणभर पसरला.

"शिवदास, चौथी जळाली तर मला वर काही सांगता यायचं नाही. वाइंडिंगचं काम बंद करतील आणि तुमचा व्हिसाही कॅन्सल होईल."

शैलेंद्र पुण्याचा इंजिनिअर, आखातातल्या सलमाबादच्या एसी कंपनीत शिवदासचा वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण वाईट बातमी आणायची पाळी नेहमी त्याच्यावरच यायची.

शिवदासने मोटर उलटी करून जळलेल्या तारा पाहिल्या. जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरण्यात कुडाळच्या या माणसाचा हात कुणी धरू शकत नसे. डोळे मिटून वेढे मोजायचा आणि एक चुकायचा नाही. त्याच हाताच्या तीन मोटरी या एका हिवाळ्यात जळाल्या होत्या.

शेडही त्याने स्वतःच बांधलेली. कंपनीत वाइंडिंगच्या टेबलाला जागा उरली नाही, तेव्हा गुदैबियातल्या त्याच्या घरमालकिणीने, म्हाताऱ्या झोहराअम्माने, अंगणाचा एक तुकडा त्याला दिला. तिचा नवरा मोत्यांचा व्यापारी. त्याच्यासोबत ती काही वर्षं मुंबईत राहिली होती, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. ऐंशी सालच्या जूनमध्ये शिवदासने जमिनीवर चुन्याने नकाशा आखला. बोरीखालची सावलीची जागा, दार उत्तरेला, वारा खेळावा म्हणून पत्र्याखाली चांगली वीतभर फट. जन्मभर लोकांना थंडावा पुरवलेला माणूस तो. त्याला उकाड्याखेरीज दुसरा शत्रू दिसतच नव्हता.

पहिला खड्डा खणण्याआधी त्याने नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. झोहराअम्मा खिडकीतून बघत होती.

"किससे बात करता है?"

"जगह का मालिक से, अम्मा. इजाजत मांगता है."

"मालिक तो मैं है."

"तुम्हारे से पहले का मालिक."

अम्माने थोडा विचार केला. "हां. उसको पूछना चाहिए," ती म्हणाली, आणि चपला घालून खाली आली. शिवदासच्या प्रत्येक वाक्याला त्याची बायको मंगला एकटीच 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. एवढ्या मोठ्या मालकाला एकच आवाज कसा पुरेल, असं अम्माला वाटलं असावं. तिसऱ्या वाक्यापासून तीही म्हणू लागली. पुढे येईल त्या पाहुण्याला ती ही हकिगत सांगत असे, आणि भाचा नजीब आला की त्याला तर पुन्हा पुन्हा.

शैलेंद्र गेल्यावर शिवदास मोटर मांडीवर घेऊन बसला. तार उत्तम, वेढे बरोबर. मंगला धुणं घेऊन बाहेर आली आणि शर्ट दोरीवर न टाकता मागच्या भिंतीवर पसरू लागली. भिंतीपलीकडे मुनाफची बेकरी होती.

"थंय कित्याक घालतंस?"

"दोरयेर दोन दीस सुकनत नाय. हय तंदुराची धग लागता." मग तिने मोटरीकडे पाहिलं. "कपडे सुकनत नाय, तर तुमचा वार्निश कसा सुकतला? पावसात आपण खोबरा खंय सुकवतो?"

"चुलीवयल्या माळ्यार," शिवदास म्हणाला.

जानेवारीतला समुद्रावरचा ओला वारा त्याने स्वतः ठेवलेल्या फटीतून महिनाभर आत येत होता. तारेवरचं वार्निश वरून कोरडं दिसायचं, आत ओल तशीच राहायची, आणि चालू केली की मोटर जळायची. तो उठला, भिंतीला हात लावला, आणि स्वतःवरच हसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

केलेली चूक मोडून काढायला माणसाला छाती लागते. शिवदासने पुढच्याच शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, पत्रे उतरवले. आधी पुन्हा नारळ ठेवला, जागा चुकली म्हणून माफी मागितली, अम्मा आणि मंगला दोघींनी साथ दिली. दोन शुक्रवारांत शेड बेकरीच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. फट बुजली. आतून एसीच्या खोक्यांच्या फळ्या लागल्या आणि भिंतीलगत वर माळा झाला, आईच्या स्वयंपाकघरातल्यासारखा. तंदूर निवायचा त्या वेळेसाठी त्याने शंभर वॅटचे दोन दिवे टांगले.

चौथी मोटर त्या माळ्यावर चढली. दुसऱ्या दिवशी शैलेंद्र दारात.

"आज द्या, शिवदास. गिऱ्हाईक ओरडतंय."

"तीन दिवस, साहेब. व्हिसा माझा जाणार आहे ना? मग तीन दिवस."

तिसऱ्या दिवशी शैलेंद्रने ओल तपासायचा मेगर लावला. काटा थेट कोरड्याच्या टोकाला जाऊन थांबला. त्याने दुसऱ्यांदा लावला. मग माळ्याकडे, भिंतीकडे आणि शिवदासकडे पाहिलं, आणि मोटर स्वतः उचलून गाडीत ठेवली. ती उन्हाळाभर चालली. त्यानंतर शिवदासची एकही मोटर ओलीने जळाली नाही. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये उभं राहवत नसे. मग तो टेबल बोरीखाली काढून बसायचा आणि ऊब मोटरींना ठेवायचा.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात झोहराअम्मा गेली. घर नजीबकडे आलं. तिथे फ्लॅट उठणार होते. नजीबने संकोचत विचारलं, "गुरुवार तक खाली होगा?"

"शनिवार को," शिवदास म्हणाला. "ऊपर एक मोटर अभी गीला है."

नजीबने वर बघितलं आणि मान डोलावली.

शनिवारी मोटर कोरडी होऊन गेली. शिवदासने उंबऱ्यावर नारळ ठेवला, डोक्याला टोपी घातली आणि हात जोडले. मंगला शेजारी उभी होती. नजीब मागे, मजुरांना थांबवून.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा... सात वर्सा तुज्या आसऱ्याक रवलंव. तुज्या लेकीन आमका जागो दिलो. काय चुकला माकला आसात तां पदरात घे, नि तिका तुज्याकडे सुखान ठेव."

तो थांबला. मंगलाने तोंड उघडलं, पण हुंदक्यापुढे शब्द येईना. भिंतीपलीकडे मुनाफने तंदुरात रोट्या लावायला सुरुवात केली होती.

"व्हय म्हाराजा," मागून नजीब म्हणाला. अगदी अम्मा म्हणायची तसंच, शेवटचा शब्द लांबवून.

शिवदासला मागे वळून बघवलं नाही. त्याने डोळे पुसले, उबदार भिंतीवर एकदा तळहात टेकवला आणि पाना घेऊन पहिला बोल्ट सैल केला.